कारखान्यात श्रद्धा मोजायची म्हणजे नक्की काय मोजायचं?

प्रश्न विचारणाऱ्या ताई बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) एचआर ट्रेनी आहेत, एमबीएच्या प्रोजेक्टला विषय घेतलाय की कामाच्या ठिकाणी माणसाची धार्मिक श्रद्धा कशी दिसते आणि ती मोजायची कशी. 'फेथ अॅट वर्क स्केल' नावाचं तयार स्केल मिळालं, ते मराठीत करून ऐंशी-एक कामगारांकडून भरून घेतलं, अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) ०.९३ आला, गाइड खूश. आणि शीट उघडून बघतात तर जवळजवळ सगळ्यांनी ४ नाहीतर ५ वर (५ म्हणजे पूर्ण सहमत) टिक मारलेली. आता यातून लिहायचं काय, असा प्रश्न आहे.

ताई, यातून एवढंच निघतं की ऐंशी माणसं तुमच्याशी चांगली वागली. एचआरच्या मॅडम देवाबद्दल विचारायला लागल्यात, हातात कागद आहे, मागं सुपरवायझर उभा आहे, तिथं 'असहमत' वर टिक कोण मारणार? आमच्याकडं तर मावशी सरळ म्हणतात "तुमास्नी काय पायजे ते लिवा की". रागावू नका, मी बेळगाव पट्ट्यात कामगारांचे सर्व्हे करण्यातच नोकरी काढली, निपाणीच्या बिडीवाल्या बायकांपासून हत्तरगीच्या एरोस्पेसच्या पोरांपर्यंत, आणि हा ४-५ चा रोग सगळीकडं सारखा आहे.

आधी स्केलबद्दल. लिन, नॉटन आणि व्हँडरव्हीन या तिघांनी ते २००९ साली जर्नल ऑफ बिझनेस एथिक्समध्ये छापलं, पंधरा विधानं आहेत, काम चांगलं आहे, खरं त्याच्या शीर्षकातच लिहिलंय की हे ज्यू-ख्रिस्ती परंपरेसाठी आहे म्हणून. म्हणजे एक देव आहे, त्याने मला या कामावर नेमलंय, काम करताना तो मला जाणवतो, या धर्तीची विधानं. आता तुमच्या फाउंड्रीत कोण कोण आहे बघा. बेळगाव जिल्ह्यात दिगंबर जैन भरपूर, आणि जैन तत्त्वज्ञानात जग घडवणारा, कामं वाटून देणारा देवच नाही. तो माणूस तुमच्या विधानाला ४ देतो ते मॅडमचा मान राखायला. त्याची खरी श्रद्धा दिसते कुठं तर सेकंड शिफ्टला. जेवणाची सुट्टी साडेसातला, आणि हा गडी सूर्य मावळायच्या आत, मशीनच्या कडेला उभ्याउभ्या डबा संपवून मोकळा होतो. रोज. तुमच्या पंधरा विधानांत याला जागाच नाही.

लिंगायत कामगाराचं वेगळंच. 'काम हीच माझी पूजा' असं विधान त्याच्यापुढं ठेवलं तर तो ५ देणारच, 'कायकवे कैलास', म्हणजे काम हाच कैलास, हे ऐकत तो लहानाचा मोठा झालाय. आणि आपल्या राज्यात तर बेंगळुरूच्या विधानसौधावरच कोरलेलं आहे की सरकारचं काम म्हणजे देवाचं काम. वारकरी असेल तर त्याच्यापाशी सावता माळी, गोरा कुंभार आहेत. म्हणजे या विधानाला सगळेच पाच देतात, आणि ज्या विधानाला सगळे पाच देतात ते माणसामाणसातला फरक दाखवत नाही, काढून टाका.

अल्फाचं पण थोडक्यात सांगतो कारण गाइड त्यावरच अडतात. क्रोनबॅकनं १९५१ मध्ये हे प्रकरण मांडलं, त्यातून कळतं ते एवढंच की तुमची विधानं एकमेकांसोबत हलतात का. एकाच गोष्टीला पंधरा वेळा वळसा घालून विचारलं तर अल्फा वर जातो, आणि लोक न वाचता 'हो' ला 'हो' करत गेले तरी वर जातो. तीन-चार उलटी विधानं घाला, 'कामावर आलो की देवाधर्माचा विचार डोक्यात नसतो' अशी. तिथंही ५ आला तर समजा की माणसानं वाचलेलंच नाही.

आता मुद्द्याचं. मोजायचं आहे ते एक नाही, तीन आहेत, आणि तुमच्या फॉर्ममध्ये ते एकत्र कालवलेत. एक म्हणजे माणसाच्या आत असलेली श्रद्धा. दुसरं म्हणजे कारखान्याची रीत, जी सगळेच पाळतात. तिसरं म्हणजे कारखाना काय दिसू देतो आणि काय नाही. ऑलपोर्ट आणि रॉस यांनी १९६७ मध्ये पहिल्यातच दोन भाग पाडले, श्रद्धा हेच ज्याचं जगणं आहे तो माणूस आणि श्रद्धेचा उपयोग करून घेणारा माणूस, म्हणजे ओळखीपाळखी, मान, मनाला आधार वगैरे. आणि खास कामाच्या जागेबद्दल प्रिन्स्टनच्या डेव्हिड मिलर यांनी चार दारं सांगितलीत, कुणाची श्रद्धा नीतीतून बाहेर येते, कुणाची बोलण्या-दाखवण्यातून, कुणाला कामातच तिचा अनुभव येतो, आणि कुणी जप-प्रार्थनेतून स्वतःला सावरतो. मला हे चार खाने आपल्याकडं बऱ्यापैकी चालतात असं वाटतं, कारण त्यात अमुकच देव पाहिजे असं नाही. खरं रीत आणि परवानगी या दोन गोष्टी या लोकांच्या मांडणीत फार बारकाईनं येत नाहीत, आणि आपल्याकडं सगळा घोळ तिथंच आहे.

रीत म्हणजे काय ते खंडेनवमीला बघा. अख्खं उद्यमबाग, मच्छे, मशीन धुऊन पुसून, लेथला झेंडूची माळ, फर्नेसला हळद-कुंकू, कोहळा फुटतोय, पेढे वाटतायत, मालक सहकुटुंब येतो, पाकिटं देतो. मुसलमान फिटर त्या दिवशी सुट्टीवर असतो का? नसतो, उलट त्याच्या मशीनची माळ सगळ्यात नीट बांधलेली असते, कारण मशीन त्याचं आहे, वर्षभर तोच सांभाळतो. हार-फुलं लावलेला टेम्पो घेऊन जो ड्रायव्हर गेटबाहेर पडतो त्याचं नाव दस्तगीर असतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मग 'मी कामाच्या ठिकाणच्या धार्मिक कार्यात भाग घेतो' या विधानाला तो ५ देणार, आणि तुम्ही ते श्रद्धेच्या खात्यात जमा करणार. ती श्रद्धा नाही हो, ते कारखान्यातलं शेजारधर्माचं वागणं आहे, आणि ते मोजण्यासारखं आहेच, खरं वेगळ्या खान्यात. उलट त्याच दिवशी एखादा बौद्ध कामगार आरतीच्या वेळी बाजूला जाऊन टूलरूममध्ये बसतो, पेढा घेतो पण गंध लावून घेत नाही. तुमच्या स्केलवर तो शून्य. माझ्या मते त्या दिवशी त्या शेडमध्ये स्वतःच्या धर्माची सगळ्यात ठळक अभिव्यक्ती त्यानंच केली. न करणं हे सुद्धा करणंच असतं, त्यासाठी प्रश्न पाहिजे, 'इथं होणारं असं काही आहे का की ज्यात तुम्ही मुद्दाम सामील होत नाही'. आणि जे देव मानतच नाहीत त्यांनाही टिक मारायला जागा ठेवा, आपल्या पट्ट्यात तसे लोक जुन्या काळापासून आहेत, विडी कामगारांच्या चळवळीत तर बरेच.

परवानगीचं उदाहरण तर तुमच्या रोजच्या बघण्यातलं. 'मी कामावर माझ्या धर्माची खूण अंगावर वापरतो' असं विधान घातलंत असं धरा. लेथवर, ड्रिलवर, फिरत्या चकपाशी (मशीनचा काम धरून फिरणारा भाग) गळ्यातली माळ, मनगटावरचा दोरा, लांब ओढणी यांना सेफ्टीवाला मनाई करतो, आणि बरोबर करतो, माळ अडकली तर मान जाते. मग वारकऱ्याची तुळशीमाळ शर्टाच्या आत, कॉलरचं बटण लावून. फर्नेसपाशी घामानं विभूती टिकत नाही. ऑफिसात बसणारा अकाउंटंट मात्र कपाळभर गंध लावून बसतो, त्याला कोण अडवणार. तुमच्या आकड्यात ऑफिसवाले जास्त धार्मिक आणि शॉपफ्लोअरवाले कमी असं निघेल आणि तुम्ही त्यावर दोन पानं शिक्षणाचा परिणाम म्हणून लिहाल. तो परिणाम फिरत्या चकचा आहे. म्हणून प्रत्येक खुणेच्या प्रश्नाला जोडून विचारा की तुमच्या कामात हे वापरायला बंदी आहे का.

सीमाभागाची स्वतःची एक भानगड आहे ती पुण्या-मुंबईच्या कुठल्या प्रोजेक्टमध्ये सापडणार नाही. शेडमध्ये भिंतीवर शिवाजी महाराजांचा फोटो आहे, खाली उदबत्ती. ही धार्मिक खूण म्हणून मोजायची का? शेजारच्या युनिटात बसवण्णांचा फोटो आहे, त्यालाही हार. एका मोटरसायकलवर भगवा, दुसऱ्या मोटरसायकलवर कन्नडचा लाल-पिवळा. बाहेरचा माणूस पहिल्याला धर्म म्हणून टिक करेल, आणि बेळगावात जन्मलेल्याला माहिती आहे की त्यात धर्म किती, मराठीपण किती आणि १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्यापासूनचं दुखणं किती हे वेगळं काढणं सोपं नाही. आपल्या शिवजयंतीच्या चित्ररथाच्या रात्रीनंतर सकाळच्या पाळीला जी गैरहजेरी लागते ती कुठल्या खात्यात टाकणार? माझा सल्ला, फोटो, झेंडे, जयंत्या हे सगळं श्रद्धेच्या गुणांत धरूच नका, वेगळी नोंद ठेवा, आणि ज्यानं फोटो लावलाय त्यालाच विचारा की हा इथं का लावलाय. मिळतं उत्तर. कधी कधी "मालकानं लावला, मी फक्त पुसतो" एवढंच मिळतं.

मग श्रद्धा मोजायची कशावरून? मी शेवटी खर्चावर येतो. म्हणजे पैशाचा असाच नाही, पगार, झोप, सुपरवायझरची नाराजी, बदली मागताना खावं लागणारं बोलणं, हे सगळं. फुकटात होणाऱ्या गोष्टीवरून काही कळत नाही. पण इथं थांबलात तर फसाल, कारण एकच गोष्ट एकाला फुकट पडते आणि दुसऱ्याला अर्धा दिवस घालवून करावी लागते. कर्नाटकात सुट्ट्यांचा १९६३ चा कायदा आहे, काही राष्ट्रीय सुट्ट्या ठरलेल्या आणि सणांच्या ज्या त्या कारखान्याच्या यादीप्रमाणे. ती यादी बघा. गणेश चतुर्थी त्यात आहे, दिवाळी आहे, म्हणजे तो सण करणाऱ्याला खाडा पडत नाही. आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्याला पडतो. सौंदत्तीच्या यात्रेला यल्लम्माला जाणाऱ्या बाईला पडतो. रविवार साप्ताहिक सुट्टी असेल तर चर्चला जायला फाउंड्रीतल्या ख्रिश्चन माणसाचं काही जात नाही, खरं हॉस्पिटलातल्या नर्सला त्याच रविवारी ड्युटी असते आणि तिला कुणाच्या तरी पाया पडून पाळी बदलावी लागते. जुम्म्याची नमाज दुपारी दीडच्या आसपास, तुमची जेवणाची सुट्टी साडेबाराला सुरू होते आणि एकला संपते, आणि पोरिंग, म्हणजे साच्यात ओतणं, चालू झालं की लेडल (ओतायचं भांडं) धरलेला माणूस देवासाठी काय, पोटासाठी पण हलू शकत नाही, वितळलेलं लोखंड थांबत नाही. मग 'मी कामाच्या वेळेत प्रार्थना करतो' याला तो १ देतो. त्या १ मध्ये त्याची श्रद्धा किती आणि तुमचं शिफ्टचं वेळापत्रक किती?

म्हणून मी 'किती सहमत' हा प्रकारच कमी करतो आणि प्रसंग विचारतो. गेल्या चार शुक्रवारांपैकी किती वेळा तुमची पाळी नमाजच्या वेळेवर आली, त्यातल्या किती वेळा जाता आलं, जाता आलं तेव्हा काय केलं, कुणी मशीन बघितलं की पगार कापला की थांबून भरून दिलं. संधी किती होत्या, घेतल्या किती, आणि घेताना काय गेलं, हे तीन आकडे. वारकऱ्याला एकादशीचं विचारा, यल्लम्माच्या भक्ताला मंगळवार-शुक्रवारचं, जैनाला सेकंड शिफ्टच्या जेवणाचं, प्रश्नाचा सांगाडा एकच, आत भरायचं ज्याचं त्याचं. यातून वेगवेगळ्या धर्मांची माणसं थोडीफार एका पट्टीवर येतात, पूर्ण येत नाहीत, ते मान्य करूनच चालायचं.

यातला माझा सगळ्यात आवडता प्रश्न पाळी बदलण्याचा. 'गेल्या वर्षभरात सणासाठी तुम्ही कुणाशी पाळी बदलून घेतली का, आणि तुम्ही कुणाच्या सणासाठी दिली का.' चतुर्थीला सलीम थांबतो, ईदला परशराम थांबतो, हे वर्षानुवर्षं चालतं, कुठल्या रजिस्टरला नोंद नसते, फोरमनच्या डोक्यात असते फक्त. यात श्रद्धा पण दिसते, तिची किंमत पण दिसते आणि कारखान्याची रीत पण. फोरमनला चहाला न्या, अर्धा प्रोजेक्ट तिथंच होईल.

हजेरीपट आणि रजेचे अर्ज बघायला मिळाले तर सोनं, खरं अर्जावर कारण 'तब्येत बरी नाही' असंच असतं, यात्रेला गेलेला माणूसही तेच लिहितो कारण यात्रेला रजा मिळत नाही आणि तापाला मिळते. म्हणून कारण बघू नका, तारीख बघा.

लोक सांगतात ते आणि करतात ते यात फरक असतोच. अमेरिकेत हॅडवे, मार्लर आणि चेव्ह्ज यांनी १९९३ मध्ये चर्चला जातो म्हणून सांगणारे आणि प्रत्यक्ष जाणारे असं ताडून बघितलं तर प्रत्यक्षातले निम्म्याच्या आसपास निघाले. आपल्याकडं हा फुगा दोन्ही बाजूंनी असतो. बहुसंख्यांतला माणूस वाढवून सांगतो, आणि अल्पसंख्य माणूस बऱ्याचदा कमी करून सांगतो, 'नाही मॅडम, कामावर काम, ते सगळं घरी', कारण त्याला उगाच नजरेत यायचं नसतं. २०२२ ला राज्यात कॉलेजांमधून हिजाबचा वाद झाला त्यानंतर मुस्लिम बायकांना 'कामावर काय घालता' हे विचारणं मला तरी पूर्वीसारखं सोपं गेलेलं नाही, समोरची बाई आधी माझ्याकडं बघते, मग फॉर्मकडं. म्हणजे तुमची सरासरी दोन धर्मांत फरक दाखवेल आणि तो फरक भीतीचा असेल.

यावर पुस्तकी उपाय आहेत. वॉर्नरनं १९६५ मध्ये उत्तरात योगायोग मिसळायची पद्धत काढली, तिचा एक सोपा प्रकार नाणं उडवून उत्तर द्यायचा, म्हणजे अमक्यानं खरं सांगितलं की नाण्यानं, हे विचारणाऱ्यालाही कळत नाही. दुसरी यादीची पद्धत, निम्म्या लोकांना चार विधानं, निम्म्यांना तीच चार अधिक एक नाजूक, आणि फक्त 'यातली किती लागू' एवढा आकडा विचारायचा, सरासरीतल्या फरकावरून अंदाज. दोन्ही हुशारीच्या आहेत, पण ऐंशी माणसांत यातून काही हाती लागत नाही, शेकड्यांनी लोक लागतात. तुम्ही त्या नादाला लागू नका.

तुमच्या हातात आहे ते म्हणजे कोण विचारतं आणि कुठं विचारतं. एचआरनं विचारायचंच नाही, तुमच्या कॉलेजातली दुसरी मुलं पाठवा, शक्यतो दोन वेगवेगळ्या समाजातली. गळ्यातलं ओळखपत्र कंपनीचं नको. फॉर्म नुसता मराठीत दिला तर कन्नड बोलणारा अंग चोरतो, नुसता कन्नडमध्ये दिला तर आमचा मराठी माणूस त्याला सरकारी कागद समजतो, म्हणून एकाच पानावर दोन्ही, आणि मोठ्या वयाच्या मुस्लिम कामगारांसाठी उर्दू पण विचारून बघा. भाषांतर उलटं फिरवून तपासायची ब्रिस्लिनची १९७० पासूनची पद्धत आहे ती वापरा, चार दिवसांचं काम आहे. जागा म्हणाल तर कँटीनचा कोपरा नाहीतर गेटबाहेरची चहाची टपरी. केबिन नको.

नावं घेऊ नका, टोकन नंबर तर अजिबात नको. आणि एक गोष्ट मालकाला आधीच लिहून द्या की धर्मवार आणि खातेवार तक्ता मिळणार नाही. स्टोअरमध्ये एकच ख्रिश्चन माणूस असेल तर 'स्टोअर, ख्रिश्चन, सरासरी ४.२' म्हणजे त्याचं नाव छापल्यासारखंच झालं. पाचपेक्षा कमी माणसांचा खाना रिकामा सोडायचा. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आलाय तो आलाय, खरं त्याच्या आधीपासून मी हे पाळतो कारण बेळगाव लहान आहे, संध्याकाळपर्यंत गणपत गल्लीत कळतं कोण काय म्हणालं.

आता तुमच्या भरून झालेल्या ऐंशी फॉर्मचं. फेकू नका. एक प्रकरण त्यावरच लिहा, की हे स्केल इथं वरच्या टोकाला चिकटतं, कुठलं विधान जास्त चिकटतं, जैन आणि लिंगायत कामगारांत ते कसं वेगळ्या कारणानं चिकटतं. मग बारा-पंधरा जणांशी निवांत बोला, प्रसंग विचारा, फोरमनशी बोला, सुट्ट्यांची यादी आणि शिफ्टच्या वेळा परिशिष्टात जोडा. गाइडला फॅक्टर अॅनालिसिस (एकत्र हलणाऱ्या विधानांचे गट पाडायचं गणित) पाहिजेच असेल तर करून दाखवा पण त्याच्या खाली लिहा की एकाच शेडमधली माणसं एकमेकांसारखीच उत्तरं देतात म्हणून ऐंशी हे प्रत्यक्षात ऐंशी नाहीत.

आणि पुन्हा फॉर्म भरून घेणार असाल तर कधी भरून घेताय ते बघा. श्रावणात निम्मी शेड दाढी वाढवून, मटण बंद करून असते, रमजानात रोजा ठेवून फर्नेसपाशी उभी राहणारी माणसं असतात, दोन्हीकडचे आकडे त्या महिन्यात फुगतात. साध्या महिन्यात एकदा घ्या, एखाद्या सणाच्या महिन्यात एकदा, आणि दोन्ही वेळा पगाराच्या आठवड्यात नको, त्या आठवड्यात लोक तुम्हाला पगारवाल्या मॅडम समजूनच बोलतात.